तळव्यातली चामखीळ सुईने टोचून जाते का?

दर्यापूरकडच्या एका ताईंनी धाकट्या भावाबद्दल विचारलं आहे. भाऊ २२ वर्षांचा, पोलीस भरतीची तयारी करतो, रोज पहाटे डांबरी रस्त्यावर पळतो. दीड वर्षापासून उजव्या पायाच्या चवड्याखाली एक मोठी आणि तिच्या आजूबाजूला चार बारक्या गाठी आहेत. आधी एकाने ‘भोवरी’ समजून ब्लेडने कापली, ती दोन महिन्यांत परत आली. मग एका ठिकाणी दोनदा जाळली. मध्येच कुणाच्या सांगण्यावरून बिबा लावला आणि आठवडाभर पाय टेकवता आला नाही. आता सोबत पळणारा एक मुलगा म्हणतो, नागपुरात त्याच्या पायाला एकदाच सुईने खूप टोचलं आणि सगळं गेलं. ताईंचे प्रश्न असे: हे खरं असतं का? फार दुखतं का? भरतीच्या मैदानी चाचणीआधी होईल का? आणि साधी सुईच टोचायची असेल तर घरीच इन्सुलिनच्या सुईने का करू नये?

ताई, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. घरी करू नका. का करू नये ते पुढे वाचताना कळेलच, पण तोवर कुणी उत्साहाच्या भरात सुई हातात घेऊ नये म्हणून हे वरच सांगून ठेवतो.

मी यवतमाळ जिल्ह्यात तालुक्याच्या गावी त्वचारोगाचं काम करतो, त्याला बावीस वर्षं झाली. सुईने टोचण्याचा हा उपचार मी करतो आणि त्यावर माझा भरवसाही आहे. पण माझ्याकडे ‘टोचून द्या’ म्हणत आलेल्या बऱ्याच जणांना मी टोचत नाही. त्याचं पहिलं कारण म्हणजे, ज्याला ते चामखीळ म्हणतात ती कित्येकदा चामखीळ नसतेच.

आपल्याकडे तळव्यात जे काही टणक होऊन दुखतं त्याला सरसकट भोवरी किंवा कुरूप म्हणतात. कुरूप हे दाबामुळे होतं. चप्पल रुतली, हाड वर आलं, पाय वाकडा पडला, की त्या जागी कातडी घट्ट होत जाते आणि मधोमध खिळ्यासारखी आत जाते. चामखीळ विषाणूमुळे होते. दोन्हींचे उपचार वेगळे, म्हणून आधी हे ओळखायला हवं. तुम्ही घरीही पाहू शकता. भावाला उन्हात पाटावर बसवा, पाय स्वच्छ धुवा आणि नीट बघा. तळव्यावर बोटांच्या ठशांसारख्या बारीक रेषा असतात. कुरपावर त्या रेषा तशाच पुढे गेलेल्या दिसतात. चामखिळीपाशी त्या थांबतात, ओढ्याचं पाणी दगडाला वळसा घालून जावं तशा बाजूने वळतात. मग गाठ अंगठ्याने सरळ खाली दाबा आणि नंतर दोन्ही बाजूंनी चिमटीत धरून दाबा. सरळ दाबल्यावर जास्त कळ आली तर कुरपाचा संशय, चिमटीत धरल्यावर जास्त कळ आली तर चामखिळीचा. आणि वरचा घट्टा थोडा खरवडला की चामखिळीत मोहरीहून बारीक काळे ठिपके दिसतात. गावात त्यांना ‘मुळं’ म्हणतात आणि मूळ राहिलं म्हणून परत आली, असं समजतात. चामखिळीला मूळ नसतं. ते ठिपके म्हणजे वर ओढल्या गेलेल्या केशवाहिन्या, ज्यांत रक्त गोठलेलं आहे. आणखी थोडं खरवडलं की तिथूनच टाचणीच्या टोकाएवढं रक्त येतं.

कुरूप आणि चामखीळ एवढ्यावरच हे थांबत नाही. आपल्या भागात माणसं वावरात अनवाणी किंवा झिजलेल्या स्लीपरवर फिरतात. बाभळीचा काटा, पऱ्हाटीचं धसकट पायात मोडून राहतं, वरून कातडी बंद होते आणि सहा महिन्यांनी तिथे टणक, दुखरी गाठ तयार होते. असे काटे मी चिमट्याने काढले आहेत आणि ते काढून दिल्यावर ‘दोन वर्षांची भोवरी’ पंधरा दिवसांत गेली आहे. पायाला सूज येऊन छिद्रं पडली असतील आणि त्यातून रव्यासारखे दाणे येत असतील तर तो मदुरा फूट, त्याचा उपचार पूर्ण वेगळा. आणि तळव्यावर काळा, पसरत जाणारा, वेड्यावाकड्या कडांचा डाग असेल तर त्याला सुई, ब्लेड, बिबा काहीही लावू नका. तो त्वचेचा कर्करोग असू शकतो आणि त्याचा तुकडा तपासायला पाठवणं हेच तिथे पहिलं काम.

तुमच्या वर्णनावरून, एकीच्या शेजारी चार बारक्या उगवल्या म्हणजे तुमच्या भावाच्या चामखिळीच असाव्यात. कुरपाला अशी पिल्लं होत नाहीत.

आता सुईने नेमकं काय होतं ते सांगतो, कारण हे समजलं की पुढचं सगळं आपोआप समजतं. चामखीळ ह्युमन पॅपिलोमा व्हायरसमुळे होते. त्याचे दोनशेहून जास्त प्रकार आहेत, तळव्यात मुख्यतः १, २, ४, २७ आणि ५७ हे सापडतात. ओलसर, भिजून पांढऱ्या पडलेल्या कातडीला बारीक चीर पडली की हा विषाणू आत शिरतो आणि बाह्यत्वचेतच मुक्काम करतो. बाह्यत्वचेत रक्तवाहिन्या नसतात. आपल्या रक्षक पेशी रक्ताच्या आणि लसीकेच्या वाटांनी गस्त घालतात आणि हा विषाणू त्या वाटेवर उतरतच नाही. तो पेशी फोडत नाही, सूज आणत नाही, ताप आणत नाही. त्यामुळे पायात दोन-दोन वर्षं चामखीळ असूनही शरीराला तिचा पत्ता नसतो.

ब्लेडने कापलं तर दिसणारा भाग जातो, पण शेजारच्या चांगल्या दिसणाऱ्या कातडीत विषाणू असतो, तो पुन्हा वाढतो. जाळलं तरी तेच. वरून तळव्यावर व्रण राहिला तर तो पाय टेकवताना जन्मभर खुपतो. माझ्याकडे एक बाई आल्या होत्या, एका ठिकाणी तीनदा खोल जाळून घेतलेल्या. चामखीळ गेली होती, पण तिच्या जागी रुपयाएवढा कडक व्रण होता आणि त्याला माझ्याकडे काहीही उपाय नव्हता. मऊ सोल शिवून दिला, एवढंच करता आलं. म्हणून तळव्यावर जाळण्याच्या आणि खोल कापण्याच्या मी पूर्ण विरोधात आहे. बिब्याबद्दलही तेच. त्याच्या तेलातल्या भिलवानॉलने कातडी भाजते आणि कुणाकुणाला तर अंगभर ॲलर्जी उठते. धोब्याने कपड्यावर बिब्याची खूण केली तरी मानेवर पुरळ येणारी माणसं आहेत. तोच बिबा तळव्यावर बांधून ठेवायचा म्हणजे काय होईल, ते तुम्ही पाहिलंच आहे. चुना-सोडा, रुईचा चीक, बॅटरीतलं ॲसिड ही सगळी एकाच माळेतली.

सुईचा विचार याच्या उलटा आहे. १९६९ साली फॉकनर या अमेरिकन पायरोगतज्ज्ञाने ही पद्धत मांडली. चामखीळ काढून टाकायची नाही, तर तिला इतक्या वेळा आरपार टोचायचं की विषाणू असलेल्या पेशी सुईबरोबर खाली अंतस्त्वचेत आणि तिच्याखालच्या चरबीत जाऊन पडतील. तिथे रक्त आहे, रक्षक पेशी आहेत. विषाणू पहिल्यांदा त्यांच्या समोर येतो. एकदा ओळख पटली की त्या पेशी तो जिथे असेल तिथे शोधतात. म्हणून पाच चामखिळी असल्या तरी टोचायची एकच, सगळ्यात मोठी किंवा सगळ्यात जुनी. बाकीच्या न टोचता जाऊ शकतात, दुसऱ्या पायावरच्यासुद्धा. आपल्या देशात याच विचाराची आणखी एक पद्धत चालते: चामखिळीचा बारीक तुकडा काढून तो त्याच रुग्णाच्या हाताच्या कातडीखाली ठेवायचा. २००९ साली दावणगेरेच्या डॉक्टरांनी त्यावर आपला अनुभव प्रसिद्ध केला होता. मला तळव्यासाठी सुई बरी वाटते, दुसरी जखम करावी लागत नाही.

आता दुखण्याबद्दल. बेशुद्ध करत नाही, पण भूल लागतेच, आणि तीही चामखिळीत नाही. तळव्यात थेट इंजेक्शन दिलं तर माणूस टेबलावरून उठून बसतो, इतकं ते दुखतं. त्याऐवजी आतल्या घोट्याच्या मागे जी नस तळव्याकडे जाते तिच्यापाशी भूल देतो. मी आधी घोट्यामागे बोट ठेवून धमनीची धडधड शोधतो. नस तिच्या किंचित मागे असते. तिथे दोन टक्के लिग्नोकेन, साधारण ५ मिली, सुई रक्तवाहिनीत नाही याची खात्री करून हळूहळू सोडतो. मग पंधरा मिनिटं थांबतो. घाई करायची नाही. भूल लागली हे मला रुग्णाने सांगायच्या आधी माझ्या हाताला कळतं: तळवा कोरडा आणि ऊबदार होतो, दुसऱ्या पायापेक्षा स्पष्ट गरम लागतो. घाम आणणाऱ्या आणि रक्तवाहिन्या आकसून ठेवणाऱ्या नसाही तेवढ्या वेळापुरत्या सुन्न होतात म्हणून. चामखीळ पायाच्या बाहेरच्या कडेला असेल तर बाहेरच्या घोट्यामागची नसही बधिर करावी लागते.

त्यानंतर ब्लेडने वरचा घट्टा पातळ करायचा, ठिपक्यांतून रक्त येईपर्यंत. मग २४ किंवा २६ नंबरची निर्जंतुक सुई, धरायला सोपी जावी म्हणून रिकाम्या सिरिंजला लावलेली, आणि सरळ उभं टोचायचं. पहिले वीस-पंचवीस टोचे कच्च्या पेरूत सुई घालावी तसे जातात, हाताला बारीक कचकच जाणवते. हळूहळू ती कचकच कमी होते. त्याच जागेवर, कडेवर, पुन्हा मध्यभागी असं टोचत राहायचं. चण्याच्या डाळीएवढ्या चामखिळीला शंभर-सव्वाशे टोचे सहज लागतात, मध्ये सुई बोथट होते, ती बदलावी लागते. शेवटी अडवणूक उरत नाही, सुई खालच्या चरबीपर्यंत अलगद उतरते आणि ती जागा लालभडक, मऊ, ओली दिसते. तिथे थांबायचं.

हे ‘शेवटपर्यंत’ फार महत्त्वाचं आहे आणि ते मी चुकून शिकलो. सुरुवातीच्या वर्षांत नर्सिंग शिकणाऱ्या एका मुलीला मी असंच टोचलं. भूल पुरती लागलेली नव्हती. ती ओठ दाबून पडली होती आणि तिचा चेहरा पाहून माझाच हात कचरला. तीस-चाळीस टोच्यांवर थांबलो, पट्टी बांधून पाठवलं. तीन महिन्यांनी ती आली तेव्हा चामखीळ जशीच्या तशी होती. मी वरवर टोचलं होतं, खाली काही गेलंच नव्हतं. तिने पुन्हा विश्वास ठेवला याचं मला आजही बरं वाटतं. दुसऱ्यांदा भूल नीट लागेपर्यंत थांबलो, पूर्ण टोचलं. सातव्या आठवड्यापर्यंत काही फरक दिसला नाही. नवव्या आठवड्यात तिने दोन्ही पाय समोर धरले: टोचलेली एक आणि न टोचलेल्या सहा, एकही उरली नव्हती. जिथे चामखीळ होती तिथून तळव्याच्या रेषा पुन्हा सरळ गेल्या होत्या. बरं झालं म्हणजे काय, याची माझ्यासाठी तीच खूण आहे.

ताई, आता घरच्या इन्सुलिनच्या सुईबद्दल. ती सुई इतकी आखूड आणि बारीक असते की तळव्याच्या जाड कातडीत खालपर्यंत पोचत नाही किंवा वाकते. भुलेशिवाय शंभर टोचे कुणी सहन करू शकत नाही, म्हणजे काम अर्धवटच राहणार. अर्धवट टोचण्यात विषाणू खाली जात नाही, पण सुईला लागून शेजारच्या चांगल्या कातडीत मात्र पसरतो. वर जंतुसंसर्ग आणि धनुर्वाताची भीती. आणि टोचणाऱ्याच्या बोटाला ती रक्ताळलेली सुई लागली तर कावीळ-बी, कावीळ-सी, एचआयव्ही हे सगळे धोके. दवाखान्यात ती सुई एकदाच वापरून पांढऱ्या, टोचता न येणाऱ्या डब्यात जाते.

कुणाला टोचू नये, याबद्दल जरा थांबून सांगतो. मधुमेहाने पाय बधिर झालेले, पायाच्या नाड्या न लागणारे, रक्त पातळ करण्याच्या गोळ्या घेणारे, स्टिरॉइड किंवा प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू असलेले, गरोदर बायका, यांना मी टोचत नाही. सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराबद्दल मी प्रत्येकाला विचारतो. पूर्व विदर्भात तर हा प्रश्न आधी विचारावा इतका तो आजार आहे, आणि त्या रुग्णांच्या घोट्याजवळच्या जखमा महिनोन्‌महिने भरत नाहीत. लहान मुलांनाही शक्यतो नाही. मुलांच्या निम्म्याहून अधिक चामखिळी दोन वर्षांत आपल्या आपण जातात. ज्या दुखत नाहीत त्यांच्यासाठी मुलाला टेबलावर धरून ठेवायचं काही कारण नाही.

आणि कुष्ठरोग. काही वर्षांपूर्वी पन्नाशीचे एक काका आले. म्हणाले, “डॉक्टर, लय दिवसाची भोवरी आहे जी, चप्पल घालता येऊन नाही राह्यली.” चवड्याखाली जाड घट्टा, मध्ये काळसर ठिपका. मी भूल द्यायला आतल्या घोट्यामागे बोट ठेवलं, धमनी शोधायला, आणि बोटाखाली दोरीसारखी जाड नस लागली. सिरिंज खाली ठेवली. बॉलपेनचं टोक तळव्यावर ठिकठिकाणी हलकेच टेकवून विचारलं, “काका, लागते का?” ते छताकडे बघत म्हणाले, “नाही, काहीच नाही लागून राह्यलं.” त्यांचा अर्धा तळवा बधिर होता. ती भोवरी नव्हती, चामखीळही नव्हती, न कळणाऱ्या दाबाने आतून जखम व्हायला लागली होती. मी तिथे शंभर टोचे मारले असते तर तो पाय सडला असता. त्यांना एमडीटी, म्हणजे कुष्ठरोगावरची एकत्र घ्यायची औषधं, सुरू झाली, ती सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात, पायासाठी मऊ सोलची चप्पल मिळाली. १९३६ साली मनोहर दिवाणांनी वर्ध्याजवळ दत्तपूरला कुष्ठसेवा सुरू केली, पुढे अमरावतीला शिवाजीराव पटवर्धनांचं तपोवन आणि वरोऱ्याला बाबा आमट्यांचं आनंदवन उभं राहिलं. ज्या भागाने हे काम पाहिलं त्या भागातल्या डॉक्टरने तळव्याला हात लावायच्या आधी पाय शुद्धीवर आहे का हे न पाहणं मला तरी मान्य नाही. तुम्ही जिथे जाल तिथे डॉक्टरांनी पेन किंवा कापूस टेकवून पाहिला नाही, तर तुम्हीच म्हणा, आधी तेवढं पाहून घ्या.

आता खरंच जाते का? २०१३ साली ब्रिटनमध्ये सुईने टोचलेल्या अशा हट्टी चामखिळीच्या ४६ रुग्णांचा आढावा प्रसिद्ध झाला. त्यातल्या ६९ टक्के लोकांची चामखीळ पूर्ण गेली होती. हा आकडा बरेच जण सांगतात. पण त्या अभ्यासात तुलनेला दुसरा गट नव्हता, त्यामुळे आपोआप किती गेल्या असत्या हे त्यातून कळत नाही. पुढे २०१८ साली ब्रिटनमधूनच दुसरा अभ्यास आला. त्यात ६० रुग्णांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट केले, एकाला सुई, दुसऱ्याचा फक्त वरचा घट्टा काढला. १२ आठवड्यांनी दोन्हीकडे चौघा-चौघांचीच चामखीळ गेलेली. सुईवाल्या गटाचं दुखणं मात्र कमी झालं होतं. म्हणजे हमखास उपाय म्हणून कुणी पैसे मागत असेल तर ते खरं नाही. पण मग दुसरं तरी काय हमखास आहे? द्रव नायट्रोजनने गोठवणं आणि ५० टक्के सॅलिसिलिक ॲसिड यांची तुलना २०११ साली २४० रुग्णांवर झाली, तेव्हा १२ आठवड्यांनी दोन्हींत जेमतेम १४ टक्के बरे झाले होते. तळव्यातली चामखीळ अशीच चिवट आहे. तरुण, निरोगी माणूस, अनेक चामखिळी, व्रण राहू द्यायचा नाही आणि वारंवार शहरात जाणं परवडत नाही, अशा वेळी मला सुई योग्य वाटते. गोठवण्यासाठी दर दोन-तीन आठवड्यांनी एसटीने नागपूर-अमरावती करणाऱ्या मजुराचा रोज किती बुडतो, हेही उपचार निवडताना धरायला हवं. सुई एका खेपेत होते.

तरी माझ्याकडे आलेल्याला मी पहिल्या दिवशी टोचत नाही. त्याने आधी सॅलिसिलिक ॲसिड नीट वापरलं आहे का ते विचारतो. ‘लावलं होतं’ म्हणजे बहुतेकदा आठ दिवस. कलोडियनमध्ये, म्हणजे वाळला की पापुद्रा धरणाऱ्या चिकट द्रवात, सॅलिसिलिक आणि लॅक्टिक ॲसिड प्रत्येकी १६.७ टक्के असलेलं औषध मेडिकलमध्ये मिळतं. रोज रात्री पाय दहा मिनिटं कोमट पाण्यात, मग वजरीने हलकं घासणं, पुसून कोरडं करणं, बाजूच्या कातडीला व्हॅसलीन आणि मधोमध एक थेंब. असे बारा आठवडे. ती वजरी त्याच्या एकट्याची. न्हाणीतली एकच वजरी घरातले सगळे वापरतात आणि मग आईच्या टाचेत, बहिणीच्या चवड्यात तेच उगवतं. तुमच्या घरी ही गोष्ट आज बदला.

टोचल्यानंतरचं सोपं आहे, पण पाळलं जात नाही. धनुर्वाताचं इंजेक्शन झालं नसेल तर द्यायचं. कोरडी पट्टी, दोन दिवस पाणी नाही. दुखलं तर पॅरासिटामॉल. डायक्लोफिनॅक, आयब्रुफेन नाही, आणि गावात सर्रास दिलं जातं ते ‘दुखण्याचं इंजेक्शन’ही नाही, कारण ते बहुधा डायक्लोफिनॅकच असतं. आपल्याला तिथे थोडी सूज हवी आहे, रक्षक पेशी त्या सुजेतूनच येतात. ती दाबून टाकली तर टोचलं कशाला? पहिले तीन-चार दिवस ठणकतं, मग काळी खपली धरते, दोन-तीन आठवड्यांत ती पडते. खाली चामखीळ अजून दिसली तरी घाबरायचं नाही आणि त्यावर काही लावायचं नाही. बरेच जण चौथ्या आठवड्यात कंटाळून पुन्हा बिबा लावतात, आणि मग सुईने काय केलं असतं ते कळायचा मार्गच उरत नाही. मी आठव्या आठवड्यात बोलावतो. पू, वाढती लाली, ताप किंवा पोटरीपर्यंत ओढ असेल तर मात्र त्याच दिवशी यायचं. बारा आठवड्यांनीही फरक नसेल तर एकदा पुन्हा टोचतो किंवा चामखिळीत गोवर-गालगुंड-रुबेलाची लस देतो. तिचंही तत्त्व तेच, शरीराला जागं करायचं, फक्त तिला काही आठवड्यांच्या अंतराने पुन्हा पुन्हा यावं लागतं.

शेतात काम करणाऱ्यांना मी पावसाळ्यात शक्यतो टोचत नाही. काळ्या मातीच्या चिखलात निंदायला जाणाऱ्या किंवा भंडाऱ्याकडे धानाच्या बांधीत रोवणी करणाऱ्या बाईला ‘दोन दिवस पाय कोरडा ठेवा’ सांगून उपयोग नाही, तिचा पाय दोन महिने कोरडा नसतो. होळीनंतर आली तर तिचं काम नीट होतं.

तुमच्या भावाचं सांगायचं तर सगळं मैदानी चाचणीच्या तारखेवर आहे. ती तीन महिन्यांहून लांब असेल तर खुशाल टोचून घ्या. आठ-दहा दिवस पळणं बंद, मग हळूहळू सुरू. तारीख महिन्यावर आली असेल तर आत्ता नको. टोचलेल्या चवड्यावर १६०० मीटर पळताना तो नकळत पाय वाकडा टाकेल आणि गुडघा धरून बसेल. अशा वेळी दर दहा-बारा दिवसांनी वरचा घट्टा डॉक्टरांकडून पातळ करून घ्यायचा आणि बुटात मऊ फेल्टची चकती ठेवायची, मध्ये चामखिळीएवढं भोक पाडलेली, म्हणजे भार कडेने जातो. एवढ्यानेच पळताना होणारी अर्धी कळ कमी होते. चाचणी झाली की दुसऱ्या आठवड्यात टोचायला या. दोन वेळा जाळलेली जागा असल्यामुळे तिथे व्रण किती आहे हे आधी हाताने पाहावं लागेल. व्रण जास्त असेल तर मी शेजारच्या चारांपैकी एक निवडेन. तोवर पळायचे बूट, मोजे कुणाला देऊ नये, कुणाचे घेऊ नये.

आणि ज्या दिवशी टोचायचं त्या दिवशी त्याच्यासोबत कुणीतरी या. तळवा दोन-तीन तास सुन्न असतो, त्या पायाने मोटारसायकलचा ब्रेक दाबता येत नाही.